पासिंग, ट्रॉली आणि सात लाखांचा दंड

निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचा वजनकाटा आहे. गाडी काट्यावर चढते, आकडा स्थिरावतो, पावती छापून निघते आणि तेवढ्या अवधीत चालक एखादा प्रश्न विचारतोच. बहुतेकदा त्याचे उत्तर ढाब्यावर आधीच ठरलेले असते; माझ्याकडून त्याला केवळ दुजोरा हवा असतो.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरची कोगनोळी ओलांडली की वजनाचा नियम बदलतो का, हा त्यांतला नेहमीचा प्रश्न. वजनाची मर्यादा 1988 च्या मोटार वाहन कायद्याखाली केंद्र सरकार ठरवते. ती महाराष्ट्रातल्या कागलला एक आणि कर्नाटकातल्या निपाणीला दुसरी असू शकत नाही. तरीही ही समजूत अगदीच निराधार म्हणता येणार नाही. 2019 च्या दुरुस्तीने दंड वाढले. कर्नाटकाने ते त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लागू केले आणि लोकांची ओरड होताच त्यांतले बरेच कमीही केले. महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर 2021 मध्ये आणले. तडजोडीची रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता भरायचा दंड, ठरवण्याचा अधिकार राज्यांना असल्यामुळे एकाच चुकीसाठी सीमेच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या रकमांच्या पावत्या फाटू शकतात, आणि चालकाला नियम कळतो तो पावतीवरूनच.

पासिंगचेही, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या भारित वजनाचेही, तसेच आहे. 2018 मध्ये दहाचाकी गाडीची कमाल मर्यादा 25 टनांवरून 28.5 टन झाली, तेव्हा सगळ्याच गाड्यांना साडेतीन टन फुकटात मिळाले, असा समज पसरला. कायदा मात्र त्या गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदवलेला आकडा पाहतो. आरसीवर 25 टन असताना काट्यावर 28 टन भरले, तर कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, म्हणजे एकूण 26,000 रुपये होतात; जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. तपासणी दिसली की आडोशाला चार पोती उतरवून ठेवावीत, हा सल्ला मी जुन्या चालकांच्या तोंडून ऐकला आहे. थांबवल्यावर वजनास नकार देणे किंवा वजनाआधी माल काढून टाकणे, याला त्याच कलमात 40,000 रुपये दंड आहे. इतका महागडा सल्ला दुसरा नसेल.

जानेवारी 2024 मधील ट्रकचालकांच्या देशव्यापी संपाच्या दिवसांत वेगळीच बातमी फिरत होती : अपघात करून पळाल्यास दहा वर्षे तुरुंग आणि सात लाख रुपये दंड. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 च्या दुसऱ्या उपकलमात, बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्यावर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, हे खरे. पण दंडाचा आकडा त्यात कुठेही नाही. सात लाख कोणी जोडले देव जाणे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू करण्याची अधिसूचना निघाली, तीत हेच उपकलम वगळलेले होते. चालकांची भीती मात्र मला पोकळ वाटत नाही. जमाव जमल्यावर गाडीजवळ थांबणे म्हणजे काय, हे त्यांना चांगले ठाऊक आहे, आणि त्या भीतीला कायद्याच्या पुस्तकात जागा नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि प्रश्न ट्रॉलीवर येतात. "ट्रॉलीला इंजिन न्हाई, मग तिला नंबर कशाला, दादा?" असे एकाने विचारले, तेव्हा रांगेतल्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण कायद्यातील मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलरचा स्पष्ट उल्लेख आहे; त्यामुळे ट्रॅक्टरची नोंदणी ट्रॉलीच्या कामी येत नाही. मागच्या बाजूस डावी-उजवीकडे एकेक लाल परावर्तकही ट्रेलरला सक्तीचा आहे. तो असतो, पण उसाच्या मोळ्यांची टोके त्याच्यावरून इतकी खाली लोंबलेली असतात की मागच्या दुचाकीच्या उजेडात चमकायला काही उरत नाही. रात्री जोड ट्रॉल्यांच्या मागून ज्याने गाडी चालवली आहे, त्याला याहून अधिक सांगायला नको.

परवान्याच्या बाबतीत चालकांची बाजू पुष्कळदा बरोबर निघते. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्याने मालाची ट्रॉली जोडली म्हणून तो परवाना निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच म्हटले आहे. आणि एकूण भारित वजन 7,500 किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले. भाजीपाल्याचा टेम्पो घेऊन बेळगावच्या बाजारात जाणाऱ्या पोरांना हे मी आवर्जून सांगतो. वातानुकूलित केबिनची सक्ती 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना आहे. जुन्या गाडीत यंत्र बसवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.