चालू आहे का ओ?

मे महिन्यातली दुपार. सोलापुरातल्या नवी पेठेच्या तोंडाशी जेमतेम सावली शोधून गाडी लावली होती. बायको टॉवेल बघायला आत गेलेली. टॉवेल बघायला म्हणजे चादरीही बघणार, तासाची निश्चिंती. काचा वर, एसी चालू, मी सीट मागे करून पेपर चाळतोय. तर सरबताच्या गाड्यावरचा माणूस काचेवर टकटक करून विचारतो, "बंद पडली का ओ? पोरं बोलावू ढकलायला?"

चालू आहे म्हटलं. त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला, जरा वाकून कान दिला, मग माझ्याकडं बघितलं. उन्हानं डोक्यावर परिणाम झालेली माणसं त्यानं मे महिन्यात पुष्कळ पाहिली असणार. "असू दे की, बसा निवांत," म्हणाला आणि एक ग्लास थंडगार सरबत हातात देऊन गेला. पैसे घेईना.

त्याचं काही चुकलं नाही. इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून मला स्वतःलाच अधूनमधून तसं वाटतं. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो की धस्स होतं, गेली, बंद पडली. समोर 'रेडी' लिहिलेलं असतं, बॅटरीचा आकडा असतो, सगळं असतं. पण कान ऐकत नाहीत. माझे कान साखर पेठेत घडलेत.

आम्ही भाड्यानं राहायचो त्या घराची मागची भिंत आणि अण्णांच्या कारखान्याची भिंत एकच होती. कारखाना म्हणजे पत्र्याखाली बारा यंत्रमाग. दिवसपाळी आणि रातपाळी. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, खटाखट खटाखट. फळीवरची भांडी थरथरायची, बादलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची. पुण्याची आत्या मुक्कामाला आली की रात्रभर उठून बसायची आणि सकाळी बाबांना म्हणायची, "दादा, तुम्ही इथं राहता कसे?" हेही ती ओरडूनच म्हणायची. आमच्या घरात कुजबुजणं हा प्रकारच नव्हता. आई-बाबांची भांडणंसुद्धा वरच्या पट्टीत व्हायची आणि तरी शेजाऱ्यांना कळायची नाहीत. या सोयीचं महत्त्व मला लग्नानंतर, जुळे सोलापूरच्या शांत फ्लॅटमध्ये आल्यावर समजलं.

आम्ही पोरं त्या आवाजात गाढ झोपायचो. जाग यायची ती लाईट गेल्यावर. बाराच्या बारा माग, आणि पलीकडच्या गल्लीतलेही, एकदम गप्प. की अख्खी आळी खडबडून उठलीच. तान्ही पोरं रडायला लागायची. कामगार घामेजलेले, केसांत कापसाचे तंतू अडकलेले, बाहेर कट्ट्यावर येऊन बसायचे आणि तेलुगूत कुणाची तरी चेष्टा सुरू व्हायची. समोरची अक्का, जाग आलीच आहे तर म्हणून, विड्यांचं सूप मांडीवर घेऊन कंदिलापाशी बसायची. आम्हाला आई दामटून परत झोपवायची, पण झोप कुठली? वायरमन आला का, फ्यूज आहे की लोडशेडिंग, यावर कट्ट्यावर वाद चालायचा तो ऐकत पडून राहायचं. मग कधीतरी लाईट यायची. आधी एक माग, मग शेजारचा, मग पलीकडची रांग. बारावा सुरू होईतो आम्ही ठार झोपलेलो असायचो.

हिशेब साधा होता. आवाज आहे म्हणजे वीज आहे. आता विजेवर चालणारी म्हणून एवढे पैसे घालून गाडी आणली, तर ती चालते लाईट गेल्यासारखी.

बाकी गाडी उत्तम. बॅटरी तीस युनिटांची. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिटं जातात, म्हणजे रात्री जेवून प्लग लावला की सकाळच्या चहापर्यंत काम होतं. एका युनिटात एसी लावूनही गावात सहा-सात किलोमीटर. हे आकडे मी पाहुण्यांना त्यांनी न विचारता सांगतो.

वाद आहे तो आईशी. बॅटरी जास्त वर्षं टिकायची तर रोज काठोकाठ भरू नये, ऐंशी टक्क्यांना थांबवावी असं जाणकार सांगतात. पूर्ण भरलेल्या अवस्थेत उन्हात तापत उभं राहणं लिथियमच्या बॅटरीला सोसत नाही म्हणे. हे सोलापुरात कुणाला पटवायचं? इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं. नळ आला की आई हंडे, कळशा, बादल्या तर भरतेच, वर कुकर आणि चहाचं पातेलंही भरून ठेवते. "ऐंशीला कशाला थांबवतोस रे? येतीय तोवर भरून घे की. उद्या नाही आली म्हणजे?" मी ऐंशीला बटण बंद करून झोपतो. पहाटे ती उठते तेव्हा बटण चालू करते. सकाळी शंभर. मी काही बोलत नाही. खरं सांगायचं तर शंभरचा आकडा बघून मलाही बरं वाटतं.

हॉर्नचं मात्र वाईट झालं. हॉर्न वाजवणाऱ्यांवर मी आयुष्यभर चिडत आलो. आता मधल्या मारुतीजवळ गर्दीत शिरलो की लोक माझ्याकडं पाठ करून आरामात चालत असतात. पूर्वी घरघर ऐकून आपोआप सरकायची माणसं. आता मी दोन हातांवर आहे याचा पत्ताच नसतो, आणि वाजवला तर उडी मारून वळतात. "आधी सांगायचं की ओ!" सांगायचं म्हणजे काय, काच खाली करून "मावशी, जरा सरका" म्हणायचं. त्रेचाळीस डिग्रीत काच खाली करणं म्हणजे तेवढी एसीची युनिटं मावशींच्या नावे.

एक मित्र आहे, तो भेटला की टोमणा मारतो, "तुझी गाडी कोळशावर चालते." खोटं नाही. इथंच दक्षिण सोलापुरात, फताटेवाडी-आहेरवाडीला, 1320 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, 660 चे दोन संच. तिथलीच वीज माझ्या सॉकेटात येते असं कुणी सांगू शकत नाही, ग्रीडमध्ये सगळी एकत्र होते. पण माझ्या गाडीचा धूर गेला कुठं, याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागत नाही. आणि सोलापूरकराला चिमणीचं काय अप्रूप? जुन्या मिलची होती, नरसिंग गिरजीची होती. सिद्धेश्वर साखर कारखान्याची विमानतळाच्या आड येत होती म्हणून 2023 मध्ये पाडली. एक पडते, दुसरी उभी राहते. गावात धूर नको एवढंच आपलं म्हणणं, आणि ते फताटेवाडीकरांना विचारून ठरलेलं नाही.

परवा अण्णा भेटले, अशोक चौकात. थकलेत, पण नजर तीच. गाडीला एक फेरी मारून हिरवी नंबरप्लेट बघितली. "सरकारी हाय का?" नाही, इलेक्ट्रिक. आता पुढचा प्रश्न मला पाठ आहे, एका चार्जिंगला किती जाते. अण्णांनी तो विचारला नाही. म्हणाले, "मोटर किती एचपीची?"

पंचाहत्तरच्या आसपास, म्हटलं.

"मागाला एक." त्यांनी मनात काहीतरी जुळवलं. "म्हंजे पाऊणशे माग. माझे बारा होते."

ते बारा कधीच भंगारात गेले, किलोवर. त्या पत्र्याच्या शेडमध्ये आता कुणाच्या तरी मंडपाच्या खुर्च्या असतात. मी त्यांना शेजारी बसवून अक्कलकोट रस्त्याकडं एक चक्कर मारून आणली. आवाजाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. विचारलं ते घाटाचं, तुळजापूरचा चढेल का म्हणून. चढते म्हटलं, चढताना बॅटरी खाते, पण उतरताना तीच मोटर जनित्र होते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते.

"परत?"

परत.

"आम्ही एवढी वर्षं बिलं भरली, परत कुणी काय दिलं नाही बघ." हसले. मग किंमत विचारली. मी जरा कमीच करून सांगितली.

"एवढ्यात दोन रॅपियर माग आले असते, सेकंडहँड," अण्णा म्हणाले. "पोरगा पुण्याला गेला नसता."