तापीच्या मुखाशी चालणारा मासा

मी नंदुरबार जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. आमच्या पोरांना माहीत असलेला मासा म्हणजे तापीतला नाहीतर बाजारातला, पाण्याबाहेर काढला की तडफडणारा. म्हणून त्यांना घेऊन भुसावळ-सुरत लाइनीवरची गाडी पकडली आणि सुरतेजवळ डुमसच्या खाडीकाठी गेलो. सुरतेत खानदेशी माणूस गल्लोगल्ली आहे. उधन्याला एका विद्यार्थ्याचे मामा वाट दाखवायला उभेच होते.

ओहोटी लागलेली. चिखल, कडेला तिवरं म्हणजे खारफुटीची झाडं, आणि त्यांच्या भोवती चिखलातून उभी वर आलेली श्वसनमुळं. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मुळांनाच वर यावं लागतं. एका मुलीने पान जिभेला लावलं. "सर, खारट!" तिवर जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, हे पुस्तकातलं वाक्य तिला आता कधी पाठ करावं लागणार नाही.

तेवढ्यात समोरचा चिखल हलला. निवटी! सुरतेकडे तिला लेवटा म्हणतात. छातीजवळच्या परांवर भार देत ती पुढे सरकली, तसा एकजण ओरडला, "सर, हाऊ मासा शे का बेडूक?"

मासाच. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवते, शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. कातडी सुकून चालत नाही. आमच्यादेखत ती कुशीवर लोळली, चिखलाने माखून उठली. माथ्यावरचे दोन्ही डोळे खोबणीत आत ओढले, ओले करून पुन्हा वर काढले. मग डोकं डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडू लागली. पलीकडे दोन नर समोरासमोर, पाठीवरचे पर शिडासारखे ताठ. पोरं उकिडवी बसून बघत होती, एकानेही मोबाइल काढला नाही.

मला मात्र पायाखालच्या गाळाने धरून ठेवलं. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी आपल्या खानदेशातून इथे येते. आपल्या शेतांची काळी माती पिढ्यान्‌पिढ्या याच मुखाशी उतरली. १९७२ साली तापीवर उकाईचं धरण झाल्यापासून बराच गाळ वरच अडतो. मुलांना हे तिथेच, चिखलात उभं राहून सांगितलं.

धुळे-जळगावच्या शिक्षकांनो, मुलांना न्याच. भरती-ओहोटीच्या वेळा बघून निघा, भरतीत निवट्या बिळात असतात. स्थानिक माणूस सोबत घ्या, आणि चिखलात खोलवर कुणाला उतरू देऊ नका.