आमची वाटचाल : एकरंगी गोधडीची पट्टी

यवतमाळकडच्या आमच्या गावात काम सुरू झालं ते जुन्या लुगड्यांच्या वाकळांनी. लोक लुगडी-धोतरं आणून देत, आम्ही थर लावून धावदोरा घालून देत असू. छापील कापडात वाकडा टाका खपून जातो. नव्या एकरंगी सुती कापडाकडे वळलो, तेव्हा तो लपेना. पांढऱ्या चौकोनाखाली लुगड्याचा तांबडा काठ आला, तर वरून गुलाबी रेघ दिसते. म्हणून फिकट रंगाखाली आता फक्त पांढरं धोतर. गडद कापडाचे सुटे दोरेही थर लावण्याआधी वेचून काढतो.

टाके भरले की गोधडी आकसते. 60 बाय 90 इंचांची हवी असेल तर थर चारही बाजूंनी 2 इंच जास्त ठेवतो आणि छाटणी शेवटी करतो. कोपऱ्याला सुताराचा गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा, मग दोन्ही कर्ण मोजायचे. अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर पुन्हा छाटा; कडेभोवती शिवायची पट्टी लावून तिरकी गोधडी सरळ होत नाही.

या मापाचा घेर 300 इंच. 44 इंची पन्ह्याचे, म्हणजे कापडाच्या रुंदीचे, काठ काढले की 42 हाती येतात. अडीच इंच रुंदीच्या 8 पट्ट्या तिरप्या जोडल्या तर जोडांत जाऊन 318 इंच होतात. पुरतात, पण जेमतेम. आम्ही 9 कापतो. 60 सेंटिमीटर कापड लागतं. जोड सरळ दिला तर सगळे पदर एकाच जागी येऊन तिथं गुठळी होते. उरेब, म्हणजे कापड तिरपं कापून काढलेली पट्टी फक्त गोल कोपऱ्यांना. सरळ कडेला ती ताणते.

पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा आणि सुट्या कडा गोधडीच्या कडेला लावून पाव इंचावर शिलाई मारा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबायचं. पट्टी वर तिरकी दुमडायची, मग खाली आणायची, आणि पुढची शिलाई कडेपासून सुरू करायची. हे पाव इंच चुकलं की कोपरा बसतच नाही. पट्टी ओढली तर कड चुण्या घेते, गोधडी ओढली तर लाटा येतात.

पहिली शिलाई मशीनवर चालते. पट्टी मागच्या बाजूला पलटवल्यावर मात्र तुरपाई हातानंच, पट्टीच्याच रंगाच्या दोऱ्यानं. मशीनची टीप एकरंगी पट्टीवरून बाजूला घसरते आणि लांबूनही दिसते.

लाल आणि गडद निळं कापड कापण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहतो. रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुतो. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो म्हणतात. आम्ही त्यावर विसंबत नाही. तयार गोधडीत लाल उतरून पांढऱ्यावर आलाच, तर वाळू देऊ नका, लगेच भरपूर पाण्यात पुन्हा धुवा.

चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळत घातली तर वरची बाजू विटते. सावलीत, दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा. एकाच दोरीवर टाकली तर ओल्या वजनानं मधोमध ताणते.