क्लॉथ, क्लॉथ्स आणि क्लोद्ज : आमची वाटचाल

सांगलीच्या कापड पेठेत आजोबांनी दुकान घातलं, तेव्हा पाटीवर हौसेनं 'क्लॉथ स्टोअर्स' लिहून घेतलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. लाँगक्लॉथला ते शेवटपर्यंत लांकलाट म्हणायचे. पण पाटी अगदी बरोबर होती. क्लॉथ म्हणजे कात्री न लागलेलं कापड, आणि आम्ही तेवढंच विकत होतो. पोपलीन, मांजरपाट, परकराचं कापड. ताका फळीवर आपटून उलगडायचा, पन्ना दाखवायचा, ३६ इंची वारानं मोजायचं आणि टर्रकन फाडायचं. फाडताना चार बोटं जास्त सोडायची, हा आजोबांचा नियम. मीटर आले तरी तो मोडला नाही.

बाबांनी रेडिमेड आणलं, शाळेचे गणवेश आणले. पेंटरला म्हणाले, "आता कपडेपण ठेवतो, तेवढं अनेकवचन कर." त्यानं 'क्लॉथ'ला एस चिकटवला आणि पाटी 'क्लॉथ्स' झाली. कुणाला काही खटकलं नाही. तसंही गावाकडचं गिऱ्हाईक "लग्नाची कापडं काढायची हायत" म्हणतच पायरी चढतं.

खटकलं ते माझ्या वेळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याची इंग्रजी मेल आली : कॉटन क्लॉथ्स, २०० नग, मशीन शॉपसाठी. मी खूष. दोन मापांचे गणवेश शिवून नमुना घेऊन गेलो. खरेदी विभागातल्या साहेबांनी शर्ट उलटासुलटा केला आणि म्हणाले, "अहो, मशीन पुसायचीत, त्यांना कपडे नाही घालायचे!"

घरी मुलीनं शिकवणी घेतली. क्लॉथ हे कापड, ते मोजायचं मीटरवर. नगावर मोजले की ते क्लॉथ्स, म्हणजे फडकी. अंगात घालायचे ते क्लोद्ज. त्यात एसच्या आधी ई लागतो आणि बोलताना बरेच जण नुसतं 'क्लोज' म्हणतात. त्याला एकवचनच नाही, एक शर्ट असेल तर शर्टच म्हणायचं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही पाटीवर फडकी विकत होतो. आपल्याकडं कापड, कपडा, फडकं असे सरळ तीन शब्द असताना ही हौस कुणी सांगितली होती?

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि हा फरक बिलावरच उतरला. तेव्हा कापडाला ५ टक्के होता, पण तेच शिवून हजारावर गेलं की १२. वर्षभर माझ्या बिलांत घोळ होत राहिला.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या दुकानात खालच्या चार फळ्या बुडाल्या. गाळानं भरलेले ताके कोण घेणार? बायको म्हणाली, "फडकी करा." धुतलं, वाळवलं, दीड-दीड फुटाचे तुकडे केले, कडा ओव्हरलॉक केल्या आणि कुपवाडच्या त्याच साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळी उचलली. भाव पाडूनच, पण रोख.

आज फडक्यांची ऑर्डर दरमहा असते. त्यासाठी विट्याच्या यंत्रमागवाल्यांकडून डागी माल घेतो. नवी पाटी मराठीत आहे : कापड, कपडे, फडकी. जुनी गल्ल्यामागं टांगलीय. तिच्यावरचा गाळाचा पट्टा बरोबर त्या एसवरून गेलाय.