झाकणावरचा 'द'

पावसाळ्यात ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन येतात: काचेआड वाफ धरली. झाकण उघडायचं, मशीन सुकवायचं, रबरी रिंग बदलायची. त्या शनिवारी सकाळपासून तेच चाललं होतं. मध्येच एक बाई दोन वर्षांपूर्वी घेतलेलं स्मार्टवॉच घेऊन आल्या. आतली बॅटरी फुगून स्क्रीन एका बाजूने उचलला गेला होता. मी हात लावला नाही. सगळं गोंदाने चिकटवलेलं, आणि फुगलेल्या लिथियम बॅटरीला चिमटा टोचला तर ती पेट घेऊ शकते. "मग टाकूनच द्यायचं का?" त्यांनी विचारलं. कंपनीत दाखवा म्हटलं. दुसरं काय सांगणार?

दुपारी तो मुलगा आला. पंचविशीचा, ऐरोलीला आयटीत. मनगटावर स्मार्टवॉच, आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली एचएमटी जनता काढली, जुनं चावीचं घड्याळ. देवनागरी आकड्यांची. ऑनलाइन ३,५०० रुपयांना घेतलेली, विकणाऱ्याने 'शंभर टक्के ओरिजिनल' लिहिलेलं.

"काका, दिवसाला दोन मिनिटं पुढे पळते. आणि खरी आहे का, तेवढं सांगा."

डायल बघायला डोळ्याला भिंग लावायचीही गरज नव्हती. अक्षरं जाड, कडा फुटलेल्या, १२ चा आकडा मध्यापासून जरा सरकलेला. कारखान्याची छपाई केसासारखी बारीक असायची. ही अलीकडे कुठल्यातरी गाळ्यात छापलेली. जुन्या एचएमटींना परदेशातून मागणी आल्यापासून हा धंदा जोरात आहे. तिकडचे शौकीन असल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मुंबईचं नाव निघालं ते असं.

लगेच काही बोललो नाही. झाकण काढलं. मशीन अस्सल होतं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली, त्याच घराण्यातलं, १७ ज्वेलचं, म्हणजे चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या १७ खड्यांचं, चावी द्यायचं. तेलाचा मात्र डिंक झालेला. टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या टाइमग्राफरवर ठेवलं, तर बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, जेमतेम १५० अंश फिरत होता. धडधाकट मशीनमध्ये तो २७० च्या आसपास हवा.

मुलगा वाकून बघत होता. किती ठोके पडतात, त्याने विचारलं. सेकंदाला ५, मिनिटाला ३००. त्याने आपल्या स्मार्टवॉचकडे पाहिलं. हिरवा दिवा मनगटावर टाकून ते त्याची नाडी मोजत होतं: ८४. "हे तर माझ्याही पुढे!"

क्वार्ट्झचं, म्हणजे सेलच्या घड्याळाचं, ऐकशील तर गरगरशील, मी म्हटलं. तिथे स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तो आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणून तोच धरलाय. सेलचं साधं घड्याळ महिन्याकाठी १५-२० सेकंद चुकतं. चावीचं साधं घड्याळ एवढी चूक एका दिवसात सहज करतं. सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा किंमत साडेचार लाख येन होती, म्हणजे मोटारीएवढी. आमच्या दुकानात ती लाट पोचली १९८७ नंतर, टायटनबरोबर. वडील चिडायचे. सेल बदलायला पाच मिनिटं, त्यात कसलं कसब? पण पुढे इतकी वर्षं आमचं घर सेलवरच चाललं, हेही खरं.

झाकण पुसायला उलटं केलं आणि हात थांबला. आतल्या बाजूला सुईने कोरलेलं होतं: 'द', खाली ३१२, त्याखाली ४/७८.

दुरुस्ती करणारे असं कोरून ठेवतात. पुढच्या वेळी उघडलं की कोणी, कधी हात लावला ते कळतं. आणि 'द'चं शेपूट इतकं लांब ओढायची सवय एकाच माणसाला होती. माझ्या वडिलांना.

मुलाला बुधवारी ये म्हटलं. रात्री माळ्यावरून वह्या काढल्या. १९७८ च्या वहीचा कोपरा वाळवीने खाल्ला होता, पण एप्रिल शाबूत. ३१२: चरईतले एक गृहस्थ. 'एच.एम.टी. पायलट. तेलपाणी, नवी काच.' पायलट! काळ्या डायलची. म्हणजे झाकण एकीचं, मशीन बहुधा दुसरीचं, डायल परवाची. चरईच्या पायलटची ती काळी डायल कुठे गेली असेल, याची मला उगाचच चुटपुट लागून राहिली.

सोमवारी मशीन सगळं सुटं केलं, पेट्रोलने धुतलं, ज्वेलला कणभर तेल दिलं. मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिली की ताणली जाते ती स्प्रिंग, थकलेली होती. एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता सुटे भाग मिळतात ते मेलेल्या घड्याळांतून. माझ्याकडे डबाभर आहेत, त्यातली एक टाकली. तसं बघितलं तर त्या विकणाऱ्याने केलं तेच मीही करतो. मी फक्त सांगून करतो. बॅलन्स २६५ वर आला, दिवसाला १२ सेकंद पुढे. त्या वयाला पुष्कळ झालं.

बुधवारी मुलाला सगळं सांगितलं. वहीसुद्धा दाखवली.

"म्हणजे फसवलं मला."

"डायलपुरतं, हो. पैसे परत मागणार असशील तर लिहून देतो."

तो काही बोलला नाही. झाकणाचा फोटो काढला, मोठा करून बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही नाही कोरलं?"

नव्हतं कोरलं. सेलच्या घड्याळांवर मी मार्करने तारीख टाकतो, ती दोन वर्षांत पुसते. कोरायची सुई शोधायलाच दहा मिनिटं गेली. वडिलांच्या आकड्यांखाली जागा होती. माझं होईतो त्याने हातातलं स्मार्टवॉच काढून उलटं केलं. पाठीला काच आणि हिरवा दिवा. "आणि यावर?"

"ते माझ्या हातचं नाही रे."

शुक्रवारी रात्री त्याचा फोन. "काका, बंद पडली."

पोटात गोळा आला. "चावी कधी दिलीस?"

"तुम्ही दिली होती ना?"

चूक माझीच, सांगायचं राहून गेलं होतं. "अरे, रोज द्यायची असते!"

"रोज?"

"मग त्या दुसऱ्याला रोज रात्री चार्जर लावतोस ना?"

तो हसला, आणि पाठोपाठ फोनमधून चावी फिरल्याचा आवाज आला. करकर, करकर. "हळू," मी म्हटलं, "अडली की थांब. जोर लावू नकोस."