हतनूर धरणाचा फुगवटा, फेब्रुवारीअखेर: पाखरं बघायला कुठे उभं राहावं, कुठे पाय टाकू नये

"फेब्रुवारी संपत आला की हतनूरला बघण्यासारखं काही उरत नाही" हा सल्ला भुसावळ-जळगावकडे सर्रास मिळतो. जोडीला दुसरा असतो: धरणाच्या भिंतीजवळून बघा. दोन्ही चुकीचे आहेत. भिंतीजवळ पाणी खोल, त्यामुळे तिथे पाणकावळे आणि लांबवर ठिपक्यांएवढी बदकं, बस्स. वर कॅमेरा काढला की अडवतात ते वेगळंच. खरी पाखरं असतात वर, तापी-पूर्णेच्या संगमाकडे, चांगदेव-मेहूणच्या बाजूच्या उथळ फुगवट्यात, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्यात. आणि त्यांना पाहण्याचा उत्तम काळ डिसेंबर नव्हे, फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. हे ठामपणे सांगतो.

कारण साधं आहे. रब्बीसाठी कालव्याला आवर्तन सुटतं आणि पाणी उतरतं. इथला तळ गाळाने भरून सपाट झाला आहे. पातळी हातभर उतरली तरी काठ कितीतरी मागे सरकतो आणि किडे-शंखांनी भरलेला ताजा चिखल उघडा पडतो. परतीच्या प्रवासाआधी अंगावर चरबी चढवायला पाखरं याच पट्ट्यावर उतरतात. शेकाटे आणि तुतारी हे चिखलपक्षी पाण्याच्या कडेने, थापटे ही रुंद चोचीची बदकं उथळ पाण्यात चोच घुसळत. भुवई बदक आता दक्षिणेतून वर सरकत असतं. तलवार बदकाच्या नरांचा रंग या दिवसांत पूर्ण खुललेला असतो, शेपटीची सुई लांबूनही दिसते. पिवळ्या धोब्यांकडे मात्र कुणी बघत नाही, आणि हीच चूक. हिवाळाभर मळकट दिसणारे हे पक्षी आता रंग बदलतात. कुणाचं डोकं राखाडी, कुणाचं काळं, आणि उपजाती ओळखण्याची संधी वर्षात याच काही आठवड्यांत मिळते. गुरं चरत असतील तिथे त्यांच्या पायांभोवती शोधा.

पट्टकादंब, म्हणजे रानहंस, हवे असतील तर वेळ पाळावीच लागते. रात्री आणि पहाटे ते गव्हा-हरभऱ्याच्या शेतात चरतात, ऊन चढू लागलं की पाण्याकाठी विसाव्याला येतात. सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. त्याआधी जागेवर पोचा, म्हणजे भुसावळहून साडेपाचला निघा, स्वतःच्या वाहनाने. पूर्वेचा काठ धरा, ऊन पाठीशी राहतं. लांबून चक्रवाकाशी गल्लत होते. चक्रवाक नारिंगी-तपकिरी, उडताना पंखावर मोठा पांढरा पट्टा. कादंब राखाडी, पांढऱ्या डोक्यामागे दोन काळ्या रेघा. थवा डोक्यावरून ओरडत उतरतो तेव्हा दुर्बीण खाली ठेवून नुसतं बघत राहावं, इतकं ते देखणं असतं. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते. मग साठपट मोठं दाखवणारा स्कोपही निरुपयोगी. आठपट दाखवणाऱ्या, आठ-बेचाळीसच्या दुर्बिणीने जवळचं जे दिसेल तेच खरं.

आता चिखल. यावर कुणी नीट सांगत नाही, म्हणून लांबण लावतो. बांधावरून पाहिलं तर पाण्यापर्यंतचा पट्टा वाळलेला, भेगाळलेला, चालण्याजोगा वाटतो. तो तसा नसतो. वर दोन बोटं कोरडा पापुद्रा, खाली मांडीपर्यंत लोणी. बांधाजवळचा भाग, जिथे भेगा रुंद असून ढेकळांच्या कडा वर वळल्या आहेत, तो पक्का. भेगा बारीक झाल्या की थांबा. भेगाच नाहीत आणि पृष्ठभाग चकाकतोय, तर तो याच आठवड्यात उघडा पडलेला गाळ. तिथे एकही पाऊल नको. छातीएवढी काठी बरोबर ठेवा, रेटून वीतभर आत गेली तर मागे फिरा. म्हशींची रुळलेली वाट दिसली तर तिच्यावरूनच चाला, पण खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं असेल तर तीही सोडा. गमबूट घालू नका: आत हवा शिरत नाही, बूट चोखल्यासारखा धरला जातो आणि पाय तेवढा बाहेर येतो. घट्ट बांधलेले जुने कापडी बूट बरे. अनवाणी तर अजिबात नाही, गाळात बाभळीचे काटे, फुटके शिंपले आणि जाळ्याचे तुकडे असतात. अडकलातच तर एका पायावर जोर देऊन दुसरा उपसू नका, पहिला आणखी रुततो. मागे बसा, वजन पसरवा, टाच हळूहळू फिरवून पाणी आत जाऊ द्या, मग ओढा. मोबाइल कमरेच्या वर ठेवा.

मुळात जायची गरजच नसते. डांगरवाडीच्या, म्हणजे टरबूज-खरबुजाच्या मळ्याच्या कडेला, मालकाला विचारून, बांधावर अर्धा तास हलू नका. चरणारे थवे आपोआप जवळ सरकतात. चालत गेलात तर दीडशे पावलांवरच कादंब उठतात, आणि एकेका उड्डाणात त्यांनी प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्च होते.

होडीने जाणार असाल तर दर माणशी ठरवू नका. चौघं असाल तर 'माणशी' आणि 'होडीचे' यांत चौपट फरक पडतो, आणि वाद नेमका उतरताना निघतो. चढण्याआधी, सगळ्यांसमोर बोला: "भाऊ, पूर्ण होडीचे, दोन तासांचे, जाऊन-येऊन किती?" होडी वल्ह्याची हवी, इंजिनाची नको. बुडण्यापासून वाचवणारं लाइफ जॅकेट आपलं आपण न्या. अकराच्या आत काठाला लागा, नंतर वारा उठतो. नावाडी बेटावर उतरवतो म्हणाला तर नाही म्हणा. नदी टिटवी, आर्ली, नदी सुरय हे पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतात, यांचा हंगाम आता सुरू होतो आणि अंडी पायाखाली आली तरी कळत नाहीत.

चांगदेवचं यादवकालीन मंदिर जाताजाता होतं. जळगावचा मेहरूण तलाव मुलांना घेऊन संध्याकाळी फिरायला ठीक. भरीत-भाकरी परतीच्या वाटेवर मिळेल.

महाशिवरात्रीच्या सुमाराचे दिवस टाळा. चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेमुळे रस्ते दिंड्यांनी भरलेले असतात, संगमावर गर्दी असते आणि थवे समोरच्या काठाला सरकतात. तारीख पंचांगात बघून त्याच्या चार दिवस आधी किंवा आठवड्याने नंतर या; नंतर आलात तर कादंब कमी मिळतील, धोबी आणि भुवई बदकं भरपूर.