तुम्ही विचारलंत म्हणून: निफाड सोडून मेंदोसाला कशाला?

घरची द्राक्षबाग, नाशिकला हाकेच्या अंतरावर वाईनरी, आणि तरी ही बाई खिशात पैसे नसताना पाठीवर पिशवी टाकून वाईन प्यायला अर्जेंटिनाला गेली. का? लग्नकार्यात विचारून झालं, बँकेच्या रांगेत झालं, दाताच्या डॉक्टरने तर माझं तोंड उघडं असताना विचारलं. एकदाच सांगते.

प्यायले का? प्यायले. तिथली लाल वाईन, माल्बेक, आवडली. पुढे?

पैशांचं म्हणाल, तर तिकिटालाच काय ते मोजले. हॉस्टेलात सहा खाटांच्या खोलीत झोपले, मेर्कादो सेंत्रालमधून तांदूळ-मसूर आणून खिचडी शिजवली. दुपारी दुकानं चांगली तीन-चार तास बंद असतात, हे विसरलात तर उपास. डॉलर रोख नेले होते, कारण २०२३ च्या सुरुवातीला डॉलरचा रस्त्यावरचा, म्हणजे काळ्या बाजारातला ‘ब्लू’ भाव सरकारी भावाच्या जवळपास दुप्पट होता. त्यातही शंभर डॉलरची नोट जुनी, लहान डोक्याच्या फ्रँकलिनच्या चित्राची निघाली की भाव पाडायचे. आधी नाव नोंदवायला लावून भरमसाठ पैसे मागणाऱ्या बोदेगांकडे, म्हणजे वाईनरींकडे, फिरकलेच नाही. सिटी बसने शेजारच्या माइपू गावाला जायचं, भाड्याची सायकल घ्यायची आणि लहान, घरगुती बोदेगा गाठायच्या.

पण गेले ती वाईनसाठी नाही. २०१४ च्या मार्चमध्ये आमच्याकडे गारपीट झाली, तेव्हा बाग तोडणीला आली होती. बाबा पुढे कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मेंदोसात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, सगळी शेती अँडीजच्या वितळलेल्या बर्फावर, आणि तरी गारा तिथल्या बागाईतदारांच्याही पाचवीला पुजलेल्या. तिथे मात्र कितीतरी बागांवर काळी जाळी असते. ती मला बघायची होती.

बघितली, आणि नेमकी नको त्या दिवशी. दुपार कलल्यावर आभाळ काळवंडून आलं, तशी मी सायकलसकट एका म्हाताऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये घुसले. पत्र्यावर चार-दोन टोले पडले आणि मग काही ऐकूच येईना. शेजारच्या बागेवरची जाळी गारांच्या वजनाने लोंबायला लागली, पण खालचे घड शाबूत. म्हाताऱ्याच्या बागेवर जाळी नव्हती. आमच्यासारखीच मांडवाची जुनी बाग. गारा थांबल्यावर तो आत गेला, त्याच्या मागून मी. खाली पानांचा नुसता खच. त्याने एक घड तळहातावर घेतला, फुटलेले मणी अंगठ्याने एकेक बाजूला सारले, एक चांगला मणी तोंडात टाकून गोडी कितपत भरलीय ते पाहिलं आणि घड अलगद सोडून दिला. बाबांनी अगदी हेच केलं होतं. मला तिथेच रडू फुटलं. त्या बिचाऱ्याला वाटलं मला गार लागली. माझं कोपर धरून तपासत बसला.

निघताना सगळ्यांना ‘अभ्यासदौरा’ म्हणून सांगितलं होतं. कसला डोंबलाचा अभ्यास! रडायला अर्धी पृथ्वी ओलांडायची काय गरज होती, असं आता मीच मला ऐकवते. मग दुसरं मन विचारतं, २०१४ ला बाबांच्या मागून बागेत गेली होतीस का? नव्हते गेले. खिडकीतून पाहिलं आणि चहा टाकला. आता हे दाताच्या डॉक्टरला कसं सांगायचं?

मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हाताऱ्याला जाळीचं विचारलं. महाग पडते, एवढंच तो म्हणाला. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर म्हणाले, “महाग तर इथंपण आहे. मग शेजाऱ्यानं कशी लावली? कर्ज काढून का अनुदानातून?” तेवढं विचारण्याइतकी भाषा मला कुठे येत होती? तुझ्या तिकिटाच्या पैशात आपल्या दहा गुंठ्यांवर जाळी आली असती, असंही त्यांचं म्हणणं. आली असती का, यावरून आमचं अजून वाजतं.